अप्रकट उष्मा

आठवी ब मध्ये आज बर्फ वितळवला.
रेहान तांबोळीनं थर्मास भरून आणला होता,
त्याच्या वडिलांची सीबीएसजवळ रसवंती.
खाली बर्नर भगभगतोय
आणि पारा शून्यावर हटून बसलेला.
"मॅडम, मग देतोय ती आच जाते कुठं?"
मी पुस्तकातलं सांगितलं:
कणांनी धरलेले हात सोडवण्यात जाते,
दिसत नाही, म्हणून अप्रकट. लिहून घ्या.

शाळा सुटल्यावर सराफ बाजारात
अधिकराव गलाईवाल्यांच्या जिन्याखालच्या खोलीत
ताम्हन, पाच वाट्या, एक तांब्या
काट्यावर ठेवला.
तांब्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. वृंदा हिस, येवल्याच्या मामांकडून.
त्यांनी वाचलं. विट्याकडचा माणूस, घाई नसलेला.
"मोडायचंच न्हवं, ताई?"
मी म्हटलं, वितळवायचं.

मूस लाल झाली, मग पिवळट.
बराच वेळ काही घडेना.
तांब्या तांब्याच.
भट्टी नुसती फुंकत राहिली
आणि मला ती सहा वर्षं आठवली:
दोन ताटं, बोलणं दूध-भाजीपुरतं,
समोरच्या पाटणकरांना
पारा तसूभर हललेला दिसला नाही.

मग एक कड सुटली.
अक्षरं तरी काय, चांदीतले खड्डेच होते ते,
चांदीनं येऊन भरले.

तो गेला ते कापरासारखा.
मधली अवस्थाच नाही,
एक दिवस डबी उघडली तर नुसता वास.
याला संप्लवन म्हणतात, दोन गुणांना येतं.
मला तसं जमलं नाही.
मी थेंबाथेंबानं, वाडग्यात, बादलीत, उशीवर.

साच्यात धार पडली.
"मागं सरा, ताई. थिजताना थुंकती ती."
"का?" मी, विज्ञानाची बाई, विचारते.
"पातळ असताना हवा पिती. पोटभर.
घट्ट व्हायला लागली की ठेवायला जागा नसती."
आणि वरची साय धरता धरता खरंच फुटली,
टक्,
एक ठिणगी त्यांच्या बाहीवर.
त्यांनी ती न बघता झटकली.

पाण्यात बुडवली तेव्हा वाफ उठली,
भिंतीवरच्या पुराच्या रेघेपर्यंत गेली
आणि तिथं ओल होऊन थांबली.
वजन दोन ग्रॅम कमी भरलं.
कुठं गेलं, मी विचारलं नाही.
"पैसे का लगड?"
"लगड."
अंगावर एक खरखरीत पुळी राहिलीय तिच्या,
घासून देऊ म्हणाले, नको म्हटलं.

पंचवटी कारंजापर्यंत रिक्षात
मांडीला कोमट लागत होती.
म्हणजे थिजतानाच परत मिळते ती, रेहान,
हे सांगायचं राहिलं वर्गात.
त्याचा थर्मासही पिशवीत तसाच राहिला.
हलवून पाहिला:
आत सगळं पाणी,
अजून गार.