शेवटचं पान बदललं

दिंकितूबाई म्हणाल्या, पुस्तकात
मला शूर-बिर करू नका.
सानेत्तीच्या पठारावर शौर्य नसतं, थंडी असते.
बूड गारठतं, पेनातली शाई गोठते,
आणि लांडगा तुमच्याकडे ढुंकूनही न बघता
घुशीच्या बिळाशी जाऊन बसतो.
तो बसला की आपण बसायचं.
एवढंच माझं विज्ञान.

मी लिहिलं होतं, ‘लहानपणापासून तिचं स्वप्न होतं...’
ते त्यांनी खोडलं.
बापाच्या सात घोड्या राखायच्या,
स्वप्नं पडायला झोप कुठली?
घोडी व्यायला झाली की
तो तांबडा, लांब पायांचा,
वार पडायची वाट बघत मागे मागे यायचा.
आम्ही त्याला घोड्यांचा कोल्हाच म्हणतो.
भाऊ दगड भिरकवायचा.
मी मोजायचे, किती दिवस येतो ते.
भिंतीवर, कोळशानं, अकरा रेघा.

शेवटच्या पानावर चित्र होतं :
लांडग्याच्या गळ्यात हात टाकलेली मुलगी.
बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, चाळीस वर्षांत एकदाच हात लावला.
आमच्याच कुत्र्यांचा रेबीज त्याला भोवला होता.
हातमोज्यातूनही ऊब लागली.

हे मुलांना सांगायचं?

सांगा की.
आणि हेही, की नंतर मी दारोदार
कुत्र्यांना सुया टोचत हिंडले.
लोकांनी शिव्या दिल्या,
वर जवाची भाकरीही.

आता त्या पानावर राखी झुडपं आहेत,
एका कोपऱ्यात तांबडा ठिपका,
दुसऱ्यात घोंगडीतली मुलगी.
मधली मोकळी जागा
त्यांनी बोटानं मोजून पाहिली.