हलका हात

माल्पिकाच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याशेजारी
आम्ही पाचजणी जाळी सांधतो.
माझी खुर्ची दाराशी, साबेलाची समोर.
सातवा लागलाय तिला.
पोट आडवं येतं, जाळं मांडीवर ठरत नाही,
गुडघ्यांवरून घसरतं,
आणि त्याच्या मागे तिची मान
पुढे पुढे जाते,
भरतीच्या पाण्यात उभ्या बगळ्यासारखी.

दुपारी ती सुई खाली ठेवते.
"दोरिंदा, इथे दाब ना.
दगड झालाय."

आता माझे हात म्हणजे
बेचाळीस वर्षं ओल्या दोराच्या गाठी ओढलेले.
गल्लीत कुणाची मान धरली की मलाच हाक.
कोपर खुपसायचं, कडकन आवाज येईतो वळवायचं,
माणूस ओरडला की समजायचं,
उतरतंय.

पण मंगळवारी दवाखान्यातल्या सुईणबाईंनी,
इरिया नाव, माझ्या नातीएवढी पोर,
माझं मनगट धरलं. म्हणाली,
एवढं नाही, आजी.
गाठ फोडायची नाही. तिला ऊब द्यायची.
टॉवेल कोमट हवा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघा.
हात खांद्यावर नुसता ठेवा,
झोपलेल्या मांजरावर ठेवतो तसा,
आणि तिचा श्वास बाहेर जाईल तेव्हाच सरकवा.
मान मोडायची नाही. कधीच.
उताणी ठेवू नका फार वेळ,
कुशीवर, गुडघ्यांत उशी, पोटाखाली एक लहान.
गोळी? मला विचारल्याशिवाय एकही नाही.

परतताना मी बसमध्ये गप्प होते.
साबेला खिडकीबाहेर बघून हसत होती, मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मात्र
मी शिडी आणली, तुळईला आकडा ठोकला
आणि जाळंच वर टांगलं,
तिच्या डोळ्यांसमोर.
एवढंच.
बेचाळीस वर्षं आम्ही जाळ्यापुढे वाकलो,
जाळ्याला उभं करावं
हे एकीलाही सुचलं नव्हतं.

आता दर तासाला घंटा नाही, काही नाही,
कार्मे नुसती खाकरते
आणि पाचही जणी खांदे कानांपर्यंत नेतो,
मागे नेतो, सोडतो.
बर्फवाला पोऱ्या दारात उभा राहून विचारतो,
कोंबड्या उडायला शिकतायत का?
साबेला म्हणते, हो, तुझ्यावरून.

तिचा नवरा ग्रान सोलला, मार्चपर्यंत.
माझाही तिथेच होता तेव्हा.
पहिल्या वेळी मला काय दुखलं, कुठे दुखलं,
आठवत नाही.
मानेवर कुणाचा हात आठवत नाही, म्हणून असेल.

गुरुवारी ती म्हणाली, दुखणं डोक्यात चढलंय,
डोळ्यांपुढे बारीक ठिणग्या,
आणि अंगठी निघेना बोटातून.
टॉवेल माझ्या हातातच होता.
मी तो ठेवून दिला.
सुईणबाईंनी हेही सांगितलं होतं, अगदी शेवटी,
दाराशी, हळू आवाजात:
असं झालं तर हात लावत बसू नका, निघा.
कार्मेची गाडी, मागच्या सीटवर जाळ्यांचा वास,
कोरुन्यापर्यंत कुणी बोललं नाही.
रक्तदाब वर गेला होता.
ठेवून घेतलं तिला. आज तिसरा दिवस,
आकडा खाली येतोय म्हणतात,
बाळ लाथा मारतंय म्हणतात.

तिची खुर्ची रिकामी, जाळं टांगलेलंच.
अर्धी फाट तिने सांधलीय,
उरलेली मी तशीच ठेवलीय.

रात्री घरी येऊन पाणी तापवलं.
टॉवेल पिळला.
खांद्यावर टाकणार, तेवढ्यात थांबले,
आधी गालाला लावून बघितला.