मशीन स्लो आहे

बेंगळूरहून टेंपोतून आलं, दोन गाद्यांत गुंडाळून,
बाळंतीण आणतात तसं, खड्डे चुकवत.
उद्यमबागेत आमच्या फौंड्रीत पहिला एसी लागला
तो माणसासाठी नव्हे.
एक पेटी, चार टर्मिनल :
स्टोअर्सला मी, पगाराला बसलिंग हुक्केरी,
डिस्पॅचला पास्कोल,
चौथं मालकांच्या केबिनीत, त्यावर क्रोशाचं झाकण.

मद्रासचा इंजिनीअर इंग्रजीत समजावून गेला.
हुक्केरींनी ते मला मराठीत सांगितलं,
मोल्डरना कन्नडात,
दोन्हीकडे उदाहरण एकच :
नळ एक, घागरी चार,
पण धार इतकी झरझर फिरते
की प्रत्येकीला वाटतं, नळ आपलाच.

वाटायचं नाही वो. कळायचं की.
हुक्केरी ओव्हरटाइम लावायला बसले
की माझं हिरवं अक्षर दम खाऊन उमटायचं.
पास्कोलचं चलन निघालं
की बिडाचं वजन अर्ध्यात अडकायचं,
सात हजार दोनशे... आणि पुढचं
पलीकडच्या खोकल्यानंतर.
भिंतीआडून आवाज, "काय वो, थांबलंय?"
"थांबलंय की."
"मग चहा घ्या."

नावाला जागा बारा इंग्रजी अक्षरांची.
एक फेटलर वर्षभर
'चिक्कनंदीह' एवढ्याच गावाचा राहिला,
पगार मात्र पुरा मोजून न्यायचा.

एकदा दोघांनी एकच खातं उघडलं,
परशराम सांबरेकर.
मी त्याचे हरवलेले हातमोजे कापत होते,
हुक्केरी मुलीच्या बारशाची उचल लिहीत होते.
पडद्यावर ओळ आली : रेकॉर्ड दुसऱ्याकडे आहे.
मी हातमोजे सोडून दिले.
स्टोअर्सच्या हिशोबात ते अजून जुळत नाहीत.

मग ते बंदचे दिवस.
बोर्ड कुठल्या भाषेत, बस कुणाची जळाली.
मी वडगावातून बोळाबोळानं चालत आले.
तिन्ही खुर्च्या रिकाम्या, भट्टी गार.
कळ दाबली, अक्षर लगेच.
दाबली, लगेच.
महिन्याचा सगळा स्टॉक साडेदहालाच संपला.
हात मांडीवर घेऊन बसले.
इतकं चांगलं चाललेलं मशीन
मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमारास पगाराच्या खोलीत गेले,
हुक्केरींचं टर्मिनल
नुसतं सुरू करून ठेवलं.