बैठक

लकडगंजात, आरामशीनमागच्या टिनाखाली
बिजाचा हातभर तुकडा, आलापल्लीकडचा.
तीन महिने झाले.
घाम पडतो तिथं पिवळा डाग धरतो.

"हे काय बनवून राहिल्या, मॅडम?"
निखारे मिस्त्री रोज विचारतात, चहाच्या वेळेला.
पक्षी? बाई? सूप?
काही नाही, मी म्हणते.
"काही नाही बनवाले तीन महिने?"
हसत नाहीत. हिशेब करतात.

मेच्या दुपारी कूलर नुसती झळ फेकतो,
भुसा पापण्यांवर बसतो.
मधे एक गाठ आहे, पटाशी परतवणारी.
तिला टाळता टाळताच हा खळगा झाला,
ही कड झाली,
यातलं काहीच ठरवलेलं नव्हतं.
परवा बुडाशी सही कोरली,
संपलं असं वाटून.

काल फळ्यांना वाट करायला
मिस्त्रींनी ते उचललं, छातीशी धरलं
आणि ठेवताना दुसऱ्याच अंगावर ठेवलं.
दोन पावलं मागे सरकले.
"आता बसलं पहा."

खरंच बसलं होतं.
सही तेवढी वर आली होती,
उलटी, टिनाच्या भोकातल्या उन्हात.

आज सकाळपासून
तीच तासते आहे.