आडवा छेद

मोखोत्लोंगच्या वरच्या अंगाला, हा-राकोलो गावी
आम्ही पोचलो तो मंगळवार.
फॉर्मच्या कोपऱ्यात तारीख एकच,
खालची सगळी माणसं त्या एका दिवसाची.

एक्स-रेचा ट्रक चढावर दोनदा रुतला.
रेलेबोहिलेनं चाकाखाली दगड लावले,
हात घोंगडीला पुसले
आणि पहिल्या गोल घराचं दार वाजवलं.

दर तिसरं घर. तिसऱ्यात कुणी नसलं
तरी चौथ्यात शिरायचं नाही.
शितावरून भाताची परीक्षा, आमचे मास्तर सांगायचे.
इथे चुलीवर मक्याचा घाटा रटरटतो.
घाट्याला शितं नसतात.

न्ताते सेखोबे, वय चौसष्ट,
सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत सव्वीस वर्षं.
खोकला? आहे.
केव्हापासून?
त्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली,
मग तिच्यावरून आडवी दुसरी.
"ही खाण. हा खोकला. ही गरिबी तर सगळीकडेच.
आधी कोण आलं, तुझं मशीन सांगेल?"
नाही सांगत.
मशीन इतकंच सांगतं की आज, दहा वाजून वीस मिनिटांनी,
त्याच्या छातीत कुणी पीठ चाळून ठेवलंय.

श्वास घ्या.
धरून ठेवा.

सोडा.

एकशे बारा जणांनी त्या दिवशी
आमच्या सांगण्यावरून श्वास धरला.

उन्हं कलताना घर क्रमांक एकोणचाळीस.
म्मे मालिनेओ, काळं नेसलेली,
पत्र्यावर वाळलेली पीचची फोडं उलटत होती.
घरात किती? दोघी.
खोकला? कुणालाच नाही.
रकान्यात शून्य. निरोगी घर.
दाराशी उताणं पडलेलं खाणीचं हेल्मेट,
त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"बर्फ पडला तेव्हा गेला तो," ती म्हणाली,
"बर्फाआधी आला असतात
तर त्यानंही धरला असता श्वास.
शेवटी शेवटी तेवढंच जमायचं त्याला."

मी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.
आज जे आहे तेच मोजायचं, असा नियम.
जे गेले
ते गावाला निरोगी करून गेले.

पेन्सिलीनं, खोडता येईल इतकं फिकट,
मी त्या शून्याच्या पोटात एक टिंब ठेवलं.
रेलेबोहिलेनं पाहिलं, बोलली नाही.
मासेरूत आकडे भरणारा पोरगा
कागद उजेडाकडे धरून विचारील,
हे काय, धूळ?

हो, म्हणेन.
धूळच.