तीट

ऐरोली, सेक्टर आठ. तळमजला.
मागच्या अंगणात (अंगण कसलं,
सिडकोनं दिलेली साडेचार फुटांची पट्टी)
रंगाच्या रिकाम्या बादल्यांत
यंदा मी सुझन लावल्या.

नाव एकच, घराणी दोन.
एक झाड: खरबरीत पानं, ताठ मान,
पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध
कोटाच्या बटणासारखा वर आलेला डोळा.
दुसरी वेल. तिचा डोळा म्हणजे भोक,
खोल, पिकल्या जांभळाच्या रंगाचं.
मुंग्या आत जातात,
बऱ्याच वेळानं बाहेर येतात.

मी वहीत लिहून ठेवते. सवय.
रबाळ्याच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं
नमुना क्रमांक, तारीख, रंग, शेरा.
बादली तीन: तांबूस, कडा पिवळी.
बादली चार: घाऱ्या डोळ्यांची. एप्रिल सोसला नाही.
बादली सहा: वेल, केशरी. ग्रिल ओलांडून
पोंक्ष्यांच्या एसीवर. तक्रार आली.
बादली सात: वेल, पांढरी. डोळा नाही.

डोळा नाही, हे दोनदा तपासलं,
सकाळच्या उजेडात, चष्मा पुसून.
पाकिटावरच्या चित्रात तर होता.

बुधवारी निवट्यांची पाटी घेऊन
द्वारकाबाई मढवी आली.
आमच्या पार्किंगला ती अजून
'सासऱ्याचं खाजण' म्हणते.
पाटी उतरवली, केशरी फुलाकडे पाहिलं,
"कवरी गोजिरी गो! तीट कोनी लावली हिला?"
मग पांढऱ्याकडे वळली.
"हिला इसरली."

मी हसले. बियाणं, संकर, असलं काही
सांगणार होते, तेवढ्यात
तिनं करंगळी स्वतःच्या डोळ्याच्या कडेला नेली
आणि काजळाचा ठिपका
पाकळ्यांच्या मध्ये टेकवला,
फूल हललंसुद्धा नाही.

"माझी पयली पोर गोरीपान व्हती," ती म्हणाली,
"मी नव्हते लावत. मला वाटं, कशाला उगाच."

पाटीवरचं ओलं फडकं बाजूला सारलं.
"निवट्या किती देऊ?"

मी दोन वाटे घेतले.
रोज एकच घेते.

गुरुवार. बादली सात.
ठिपक्याचं फूल गळलं.
वरच्या पेरावर दुसरं उमललं, कोरं.
शेरा:
काजळ आणणे.