बिनगाठीचं जाळं

एरुंदीना बाईंची मान मागे जात नाही.
एकोणपन्नास वर्षं माल्पिकाच्या धक्क्यावर
मांडीवर घेऊन फाटकी जाळी सांधली त्यांनी,
पाठीचं वरचं टोक तसंच गोठलंय.
टेबलावर आडवं केलं की डोकं अधांतरी,
आमच्या कुठल्याच उशीला टेकत नाही.

आधी तीन नंबरची उशी, मग पाच.
मग सबेलानं चादरीची घडी सरकवली, चारपदरी,
एक पदर काढला,
आणि बाई म्हणाल्या, हां. आता गिळता येतंय.
मी नोंदलं: पाच, अधिक तीन पदर, गुडघ्यांखाली लोड.
खांदे खाली राहावेत म्हणून हातांत दोऱ्या दिल्या.
त्यांनी दोरी अंगठ्यानं चाचपली.
स्वस्तातली आहे, म्हणाल्या.

गरम पाण्यातून प्लास्टिकचं जाळीदार पान काढलं,
निथळवलं, चेहऱ्यावर ओढून कडा दाबत गेलो.
घाबरू नका, गार होताना आवळेल, असं सांगणार
तेवढ्यात आतून, दात न उघडता, आवाज आला:
याला गाठ कुठेच नाही.

मी बोललो नाही.
गाठ होती, जबड्याखाली डावीकडे,
पडद्यावर तिच्याभोवती हिरवी रेघ होती.

दार जड आहे, मिटायला वेळ घेतं.
बाहेरून आम्ही बघतो: लाल किरणांच्या फुलीखाली
एक बाई, एवढीशी, न हलणारी.
फक्त उजवी बोटं.
वर, खाली, वेढा, ओढ.
खांदा दोन मिलिमीटर सरकला होता.
बाई, हात, सबेला माइकवर म्हणाली.
बोटं थांबली, आणि मग
अख्खं अंग ताठ झालं, ते त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची सुई घेऊन आल्या,
लाकडी, रिकामी, दोरा नसलेली.
मुठीत ती असली की हात निजतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना.
उशीच्या खाली लिहिलं.

चौथ्या आठवड्यात मास्क गालांपाशी हलू लागला.
मासा बारीक झाला, म्हणाल्या, आवाज घोगरा.
दुपारी नवा करायचा ठरला,
पाणी पुन्हा तापवलं, घडीचा आणखी एक पदर काढला.
जुना मी पिशवीत टाकत होतो तर म्हणाल्या, द्या तो इकडे,
परसात स्ट्रॉबेरी धरलीय,
काळे पक्षी एक ठेवत नाहीत.